उ: 'पुणे' अक्षरं, नुसता सेल्फी पॉइंट?

'शहराच्या नावाची मोठी अक्षरं चौकात उभारणं म्हणजे पैशाचा चुराडा' हे अर्धंच पटतं. अलका टॉकीजच्या चौकात भेटू म्हणतो, तसं 'अक्षरांपाशी भेटू' म्हणता आलं की खूण कामाला आली. टोरोंटोत २०१५च्या पॅन अॅम (अमेरिका खंडांतल्या देशांच्या) खेळांसाठी तात्पुरती उभारलेली अक्षरं लोकांनी सोडली नाहीत, २०२०मध्ये नवी बसवावी लागली. उलट अॅमस्टरडॅमने २०१८मध्ये म्युझियम चौकातली अशीच अक्षरं काढून टाकली, गर्दीला कंटाळून.

खरी गोम जागेत असते. ४ मीटर रुंद नाव मोबाइलच्या चौकटीत बसवायला साधारण ४ मीटर मागे सरकावं लागतं. पदपथ अडीच मीटरचा असेल तर फोटो काढणारा थेट रस्त्यावर! म्हणून जंगली महाराज रस्त्यासारखा रुंद पदपथ किंवा बागेची आतली बाजू बघा.

देवनागरीचा एक फायदा: शिरोरेखेमुळे 'पुणे' एकसंध सांगाडा होतो, सुटी अक्षरं डुगडुगत नाहीत. पण 'पु'चा उकार खाली लोंबतो. त्याच्यावर पोरं उभी राहणार हे धरूनच आतून आडवा पाइप द्यावा, नाहीतर पहिला जोड तिथेच तुटतो. आणि प्रत्येक पोकळ अक्षराच्या तळाला पाणी निघायला ६-८ मिमीची भोकं हवीतच. ती नसली की पावसाळ्यात पाणी साठतं आणि आधी खालच्या एलईडी पट्ट्या जातात. पॉवर सप्लाय अक्षरात कोंबू नका, जमिनीपासून वर वेगळ्या पेटीत ठेवा. दुरुस्तीला मागून स्क्रूचं झाकण ठेवा, रिव्हेट (ठोकून पक्की केलेली, न उघडणारी खीळ) नको.