पावसाळ्यात सोलर गार पडतोय, हीट पंप घ्यावा काय?

फुलेवाडीचा_पाव्हणा
नमस्कार मंडळी. घर कोल्हापूरच्या फुलेवाडीत, दोन मजली, खाणारी-आंघोळ करणारी माणसं सात. गच्चीवर ट्यूबवाला 200 लिटरचा सोलर हाय पण टाकी आता खालनं गळायला लागलीय आणि शेजारी अपार्टमेंट उठल्यापासनं दुपारनंतर गच्चीवर सावलीच. जूनपासनं सप्टेंबरपर्यंत तर विचारूच नका, टाकीतलं विजेचं बॅकअप कॉइल चालूच असतंय आणि बिल 300 युनिटच्या वर जाऊन बसतंय. प्लंबर म्हणतोय सोलर काढा, दोन गीझर लावून मोकळे व्हा. एक दुकानदार हीट पंप घ्या म्हणून मागं लागलाय, 200 लिटरचं कोटेशन लाखाच्या वर गेलंय. आपल्या पावसात हे चालतंय काय? आणि त्यात फ्रीजसारखा दरवर्षी गॅस भरायला लागतो म्हणे, खरं काय? कॉर्पोरेशनचं पाणी कमी पडलं की आम्ही बोअरचं मिसळतो, तेबी सांगून ठेवतो.

गणिती_राजारामपुरी
ब्रँडचं नंतर बघू, आधी हिशेब करा. 200 लिटर पाणी 25 वरनं 50 डिग्रीला न्यायला साधारण पावणेसहा युनिट लागतात, कॉइलनं तापवा नाहीतर गीझरनं, तेवढे जाणारच. हीट पंप ती उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतनं ओढून पाण्यात टाकतो, फ्रीज उलटा लावल्यागत, म्हणून एक युनिट विजेत तीन युनिटांचं काम होतं. म्हणजे रोजचे दोन युनिट. वाचले चार.

आता खरी गोम. सोलर धडका असता आणि फक्त पावसाळ्याचे चार महिने हीट पंप चालवणार असता तर वर्षाला पाचशेच्या आतच युनिट वाचले असते, त्यासाठी लाख रुपये घालणं म्हणजे येडेपणा, कॉइलच बरं. पण तुमचा सोलर तसाही संपलाय, गच्चीवर सावली आहे, म्हणजे बारा महिने चालणार, मग बचत वर्षाला चौदाशे युनिटच्या घरात जाते. शिवाय वाचणारे युनिट बिलाच्या वरच्या स्लॅबमधले असतात, म्हणजे महागातले. तुमच्या केसमध्ये मी घेतला असता. ऊन भरपूर असलेल्या घरवाल्यांनी हे वाचून उगाच सोलर काढू नये.

बंबवाली_आजीचा_नातू
आमच्या आजीच्या तांब्याच्या बंबात नारळाच्या करवंट्या आणि चिपाडं घातली की अख्ख्या घराची आंघोळ व्हायची, बिल शून्य. असो. सिरियस सांगायचं तर एवढे पैसे अडकवण्यापेक्षा गॅस गीझर लावा की, पाच मिनिटात पाणी.

गणिती_राजारामपुरी
@बंबवाली_आजीचा_नातू गॅस गीझर बंद बाथरूममध्ये लावू नका हो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस आत बेशुद्ध पडला तरी बाहेर कळत नाही. बाहेरच्या भिंतीला, मोकळ्या हवेत लावणार असाल तर ठीक.

उद्यमनगर_कॉम्प्रेसर
फ्रीज-एसीची लाईन आमची, हीट पंपबी आता हातात येत्यात, म्हणून थोडं सविस्तर लिवतो. पावसाचं टेन्शन घेऊ नका. दमट हवेत उलट चांगलं चालतंय, कारण हवेतली वाफ पंपाच्या बाहेरच्या गार कॉइलवर थंड होऊन पाणी होताना तिचीबी उष्णता मिळती. फक्त ते पाणी भरपूर ठिबकतंय, त्याला ड्रेनची नळी नीट काढा. थंडीत जरा जास्त वेळ घेतंय, पण आपल्याकडं बर्फ धरण्याइतकी थंडी कुठाय.

गॅसचं म्हणाल तर सिस्टीम सीलबंद असती, गॅस उडून जात नाही. कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक हाय, ते शोधून वेल्डिंग केल्याशिवाय नुसता गॅस भरणारा माणूस पुढच्या वर्षी परत पैसे मागायला येणार. दरवर्षी गॅस भरा म्हणणाऱ्याला दारातनंच नमस्कार करा.

खरं मेंटेनन्स पाण्याचं हाय, आणि तुम्ही बोअर म्हणालात तिथंच माझा कान उभारला. टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतोय, तो स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो. बोअरच्या पाण्यात लवकर झिजतंय, वर्षाला काढून बघा, संपत आला की बदला. बहुतेक लोकांना असा रॉड असतो हेच म्हाईत नसतंय आणि मग टाकी गळाली की कंपनीला शिव्या. तुमची सोलरची टाकीसुद्धा त्याच पाण्यानं खाल्ली असणार. जमलं तर गरम पाण्याच्या लाईनला कॉर्पोरेशनचंच पाणी द्या, वेगळी छोटी टाकी बसवून. बाकी पंख्यामागच्या जाळीवरची धूळ ब्रशनं काढायची, तिथल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या (फिन) वाकवायच्या नाहीत, आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा खटका अधनंमधनं उचलून पाणी सुटतंय काय बघायचं.

सेटिंग 50-52 ठेवा, जेवढं जास्त तापवाल तेवढा फायदा कमी. आठवड्यातनं एकदा 60 वर न्या, टाकीत जंतू होत नाहीत. आणि कोटेशनमध्ये आत इलेक्ट्रिक कॉइल हाय का विचारा, असला तर तो आपोआप चालू होऊ देऊ नका, नाहीतर हीट पंप नावाला आणि बिल गीझरचं.

फुलेवाडीचा_पाव्हणा
लई भारी माहिती दिलासा भावांनो. बसवायचं कुठं? जिन्याखाली खोली हाय रिकामी, पावसापासनं आडोसाबी होईल.

उद्यमनगर_कॉम्प्रेसर
अजिबात नको. बंद खोलीत स्वतःचीच गार हवा परत ओढत बसतंय आणि तासन् तास चालतंय. गच्चीवर, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या. शेजारच्या बेडरूमकडं पंख्याचं तोंड करू नका, पहाटे आवाजावरनं भांडणं होत्यात. टायमर दुपारी लावा, हवा तेव्हा सगळ्यात गरम, दोन-तीन तासात टाकी तापती आणि टाकीचं इन्सुलेशन चांगलं असलं तर सकाळपर्यंत राहती. पाईपवर फोम चढवायला विसरू नका. आणि भरलेली टाकी दोनशे किलोच्या वर जाती, स्लॅबच्या मधोमध नको, बीम किंवा कॉलमवर घ्या. अर्थिंग आधी तपासून घ्या, मगच मशीन उचला.