हार्लेम : वस्ती, मोहल्ला की नुसता भाग?

प्रश्न : न्यूयॉर्कवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. हार्लेमला मी 'कृष्णवर्णीयांची वस्ती' म्हटलं. संपादक म्हणतात, वस्ती म्हटलं की झोपडपट्टी डोळ्यांपुढे येते, 'मोहल्ला' करा आणि हद्दही द्या. पण हद्द दर नकाशात वेगळी दिसते.

उत्तर : मोहल्ला नको, मराठीत तो बहुधा मुसलमानांच्या वस्तीला लागतो. 'वस्ती'च ठेवा. लोक वसले ती वस्ती, आणि हार्लेमची हद्द तशीच ठरत गेली. नाव 1658 सालचं, डचांनी दिलेलं. 1904 मध्ये लेनॉक्स अव्हेन्यूखालून भुयारी रेल्वे सुरू झाली. तिच्या भरवशावर बिल्डरांनी भाराभर इमारती उठवल्या होत्या, त्यांना भाडेकरू मिळेनात. फिलिप पेटन या कृष्णवर्णीय दलालाने तिथे आपले लोक आणले, तेही चढ्या भाड्याने. सुरुवात झाली 135व्या रस्त्याच्या आसपास. कृष्णवर्णीयांना घर द्यायचं नाही, असे करार गोऱ्या मालकांनी आपसांत केले, पण ते टिकले नाहीत. 1930 पर्यंत ही वस्ती दक्षिणेला सेंट्रल पार्कला, म्हणजे 110व्या रस्त्याला भिडली होती. माणसं पुढे सरकली तसं नावही सरकलं.

प्रश्न : मग 'सोहा' काय प्रकार आहे? मूळ लेखात तोही शब्द आहे.

उत्तर : साउथ हार्लेमचं, घरांच्या दलालांनी पाडलेलं लघुरूप, 110 ते 125व्या रस्त्यांमधल्या पट्ट्यासाठी. आपल्याकडे लोअर परळला 'अपर वरळी' म्हणून विकतात, तसंच. 2017 मध्ये रहिवासी यावर खवळले. अशी नावं पाडण्याला आळा घालायला ब्रायन बेंजामिन यांनी राज्याच्या सिनेटमध्ये विधेयकही आणलं. रहिवाशांचा राग मला पूर्ण पटतो. इतरत्र दारं बंद होती तेव्हा या लोकांनी हे नाव मोठं केलं, आणि भाव चढल्यावर तेच नाव पाटीवरून उतरवायचं! 'सोहा' अवतरणचिन्हांतच छापा.

आणखी एक मत : सरसकट 'कृष्णवर्णीयांची' मात्र म्हणू नका. पूर्व हार्लेम आधी इटालियनांचं, मग पोर्तो रिकोहून आलेल्यांचं. ते त्याला 'एल बारिओ' म्हणतात, स्पॅनिशमध्ये 'वस्ती'च. त्या बाजूची दक्षिण हद्द 96वा रस्ता मानतात. तिथून जरा पुढे, पार्क अव्हेन्यूखालची रेल्वे 97व्या रस्त्यापाशी बोगद्यातून वर येते. रूळ गाडलेले तिथवर श्रीमंत वस्ती, रूळ उघडे पडले की हार्लेम.

उत्तर : रास्त आहे. मग असं लिहा : 'हार्लेम, विशेषतः मध्य हार्लेम, ही 110व्या रस्त्याच्या उत्तरेची, विसाव्या शतकात कृष्णवर्णीयांनी वसवलेली वस्ती.' संपादकांना 'वस्ती' खटकलीच तर 'भाग' करा, पण 'वसवलेला' सोडू नका.