मदत हवी आहे : हनोईहून नाशिकला जादा सामान पाठवायचंय

नाशिककरांनो, व्हिएतनाममध्ये आज पाचवा दिवस, ई-व्हिसा 90 दिवसांचा. सॅक 14 किलोची. होआन कीम तळ्याला एक फेरी मारली तर डाव्या खांद्यावर पट्ट्याचा लालभडक वळ उठला. कंबरपट्टा आवळून पाहिला, जड वस्तू पाठीलगत भरल्या, आईने दिलेला चिवडाही वाटून संपवला. तरी जीन्स, बूट, पुस्तकं मिळून 4 किलो नकोच आहेत. जाकीट मात्र ठेवणार, पुढचं डोंगरातलं गाव सापा 1,500 मीटर उंचीवर आहे. हॉस्टेलात ठेवता येत नाही, कारण परतीचं विमान हो ची मिन्ह सिटीहून आहे. कुरियर परवडत नाही. घाई अजिबात नाही.

इथल्या पोस्टातून कुणी वापरलेले कपडे नाशिकला पाठवलेत का? पार्सल घरपोच आलं, की कस्टमसाठी घरच्यांना हेलपाटे पडले? जुन्या कपड्यांवर ड्युटी लागली का?