मदत हवी आहे: उन्हाळ्यात मल्टीमीटरच्या अचूकतेचा हिशेब कसा करावा?

नमस्कार. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी २४ व्होल्टच्या डीसी पॉवर सप्लायची अंतिम तपासणी करतो. ग्राहकाला व्होल्टेज ±१ टक्क्याच्या आत, म्हणजे २३.७६ ते २४.२४ या दरम्यान हवे असते. आमचे मीटर ६००० काउंटचे (काउंट म्हणजे पडद्यावरील शेवटच्या अंकाची एक पायरी) असून डीसी व्होल्टसाठी त्याची अचूकता ±(रीडिंगच्या ०.५ टक्के + २ काउंट) अशी दिली आहे.

६० व्होल्टच्या रेंजमध्ये शेवटचा अंक ०.०१ व्होल्टचा असल्यामुळे २४.१५ या रीडिंगवर ०.१२ आणि ०.०२ मिळून ±०.१४ व्होल्ट होतात. पूर्वी मी हेच ६०० च्या रेंजवर मोजत असे. तिथे नुसते २ काउंटच ०.२ व्होल्टचे, म्हणजे एकूण ±०.३२. त्या काळात पाठवलेल्या मालाची मला खरोखर काळजी वाटते.

अडचण तापमानाची आहे. ही अचूकता २३ ± ५ अंश सेल्सिअसलाच लागू असून, त्याबाहेरच्या प्रत्येक अंशासाठी 'दिलेल्या अचूकतेच्या ०.१ पट' मिळवावी, असे माहितीपुस्तिका सांगते. मे महिन्यात दुपारी आमच्या टेबलापाशी ३८ अंश असतात. ही ०.१ पट फक्त टक्क्यांना लावायची की काउंटनाही? आणि २४.१५ दाखवणारा सप्लाय पास करावा का?

उत्तर:

नमस्कार. 'दिलेली अचूकता' म्हणजे कंसातील सगळे, त्यामुळे काउंटही धरावेत. २८ च्या वर १० अंश म्हणजे आणखी ०.१४, एकूण ±०.२८ व्होल्ट. आपल्याला मोकळीकच ±०.२४ ची असल्याने दुपारच्या उन्हात या मीटरने कोणताही सप्लाय खात्रीने पास करता येणार नाही, अगदी बरोबर २४.०० दाखवणारासुद्धा.

मीटर आणि सप्लाय वातानुकूलित खोलीत ठेवून, मीटर तिथल्या तापमानाला स्थिरावल्यावर मोजावे. तेव्हाही दोन्ही टोकांकडून ०.१४ वजा करून २३.९० ते २४.१० एवढेच रीडिंग स्वीकारावे. म्हणजे २४.१५ चा सप्लाय बाजूला ठेवून अधिक अचूक मीटरने पुन्हा तपासावा. ६०० च्या रेंजवर मोजलेल्यांपैकी जे गोदामात शिल्लक असतील, तेही पुन्हा मोजावेत.

एक विचारतो: आपल्या मीटरच्या कॅलिब्रेशनच्या (प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहण्याच्या) दाखल्यात ६० व्होल्टच्या रेंजमध्ये २४ च्या आसपासचा बिंदू तपासलेला आहे का, आणि दाखल्याची मुदत संपलेली नाही ना?