मदत हवी आहे: ईको कॅम्परची बॅटरी रात्रीत बसते, नवीन टाकली तरी तेच

केतकी_नाशिक
नमस्कार. जरा घाईत आहे, पुढच्या शुक्रवारी निघायचंय.

आमची मारुतीची ईको आहे, मागची सीट काढून प्लायचा पलंग करून घेतलाय. दोन एलईडी पट्ट्या आणि एक छोटा पंखा, एवढंच चालतं. महिन्यापूर्वी भंडारदऱ्याला दोन रात्री राहिलो. पहिल्या रात्रीनंतर काहीच त्रास नाही. दुसऱ्या रात्रीनंतर सकाळी रतनवाडीत किल्ली फिरवली तर नुसतं किट-किट-किट, सेल्फ घेईना. तासाभराने दुधाची पिकअप आली, त्या दादांकडे जंपर केबल होती म्हणून सुटलो. नाशिकला दुकानदार म्हणाला बॅटरी गेली. नवीन टाकली. गेल्या शनिवारी त्र्यंबकच्या पुढे मुक्काम केला आणि रविवारी पहाटे पुन्हा तेच! पंधरा दिवसांची बॅटरी.

आता गुहागर-वेळणेश्वर चार दिवस जायचंय, सोबत आई आहे. तिला रस्त्यात ताटकळत ठेवायचं नाही. वॉरंटीत बदलून घेऊ की मोठी बसवू? तेवढंच सांगा.

डिझेलप्रेमी
दादा, ईकोला कंपनीची ३५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) पिटुकली बॅटरी येते. तिथे ६५ ची टाका. मी माझ्या जुन्या बोलेरोत मोठी टाकली, सहा वर्षं हात लावला नाही.

वायरमन_सांगली
आधी माहिती द्या, मग बॅटरी बदला.
पट्ट्या किती वॅटच्या? पंखा १२ व्होल्टचा की इन्व्हर्टरवर? इन्व्हर्टर असेल तर रात्रभर चालू असतो का? म्युझिक सिस्टीम, जीपीएस ट्रॅकर, पार्किंगमध्ये चालणारा डॅशकॅम यांपैकी काय आहे? सरकता दरवाजा उघडा ठेवून बसता तेव्हा आतला दिवा बंद करता का? नवीन बॅटरीचे व्होल्ट कोणी मोजले? यांपैकी एकही गोष्ट तुमच्या पोस्टमध्ये नाही.

सह्यसखा
सोलर. छतावर १०० वॅटचं पॅनेल टाका आणि विसरून जा. स्वच्छ उन्हात दिवसाला २५-३० एएच आरामात मिळतात. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये एमपीपीटी चार्ज कंट्रोलर घ्या, साधा पीडब्ल्यूएम घेऊ नका.

मनोहर_जोग
सीएनजी आहे का? असेल तर स्पार्क प्लग बघा. आमच्या शेजाऱ्यांची गाडी सकाळी सुरू व्हायची नाही, चारही प्लग बदलल्यावर ठणठणीत झाली.

केतकी_नाशिक
दादा नाही, ताई. पेट्रोल आहे. प्लगचा प्रश्न नाही, जंप दिल्यावर पहिल्या सेल्फला सुरू होते.

वायरमन काका, पट्ट्या पाच-पाच वॅटच्या, पंखा १२ व्होल्टचा. इन्व्हर्टर नाही, ट्रॅकर नाही. दरवाज्याच्या दिव्याचं लक्षात आलं नव्हतं, पण तो एवढासा दिवा रात्रीत बॅटरी संपवेल असं वाटत नाही. बाकी फक्त फ्रिज.

वायरमन_सांगली
"बाकी फक्त फ्रिज"! ताई, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. कोणता फ्रिज? कॉम्प्रेसरचा, की तो गार-गरम असं बटण असलेला डबा? वायर कुठून घेतलीय? फ्यूज आहे का? आणि भंडारदऱ्याला पहिल्या रात्री गाडी नेमकी कुठे होती?

केतकी_नाशिक
गार-गरम बटण असलेला. तळाला पंखा फिरत असतो. इलेक्ट्रिशियनने थेट बॅटरीवरून वायर ओढून मागे सॉकेट दिलंय, कारण किल्ली बंद केली की पुढचं सॉकेट बंद व्हायचं. फ्यूज बघावा लागेल.

पहिल्या रात्री शेंडीत एका घरगुती मुक्कामाच्या अंगणात होतो. त्यांनी एक्स्टेन्शन दिलं होतं, डब्याला २३० व्होल्टची पिनही आहे. दुसऱ्या रात्री पाण्याकाठी. त्र्यंबकला वीज नव्हती. हे सांगण्यासारखं वाटलं नाही.

वायरमन_सांगली
हेच तर सांगायचं होतं. तुमची बॅटरी चांगली आहे आणि बहुतेक जुनीही चांगलीच असावी.

तो डबा कॉम्प्रेसरवर चालत नाही. आत एक थर्मोइलेक्ट्रिक चकती असते. तिच्यातून करंट गेला की एक बाजू गार, दुसरी गरम. असे बहुतेक डबे ४ ते ५ अँपिअर ओढतात आणि गार झाले म्हणून थांबत नाहीत. रात्री आठ ते सकाळी सहा, दहा तास गुणिले साडेचार म्हणजे ४५ एएच. तुमच्या बॅटरीत सगळं मिळून ३५. शिवाय ही सेल्फची बॅटरी. तिच्या प्लेटा पातळ असतात, दोन सेकंद दणकून करंट द्यायचा आणि लगेच परत भरायचं एवढ्यासाठी बनवलेल्या. दोनदा तळापर्यंत उतरली म्हणजे तिचं आयुष्यही कमी झालं. आज चार्जरला लावून पूर्ण भरून घ्या.

डिझेलप्रेमी, ६५ टाकली तर सकाळऐवजी दुसऱ्या रात्री बसेल. फरक तेवढाच.

डिझेलप्रेमी
माझी सहा वर्षं चालली हे खोटं आहे का?

वायरमन_सांगली
खोटं नाही. पण तुम्ही तिच्यावर रात्रभर डबा चालवला नाहीत.

इन्व्हर्टरवाले_काका
सोपा उपाय. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी पलंगाखाली ठेवा. जाड प्लेटा, कितीही उतरू द्या. मी गावच्या घरी आठ वर्षं वापरतोय.

वायरमन_सांगली
काका, घरात ठीक, पण झोपायच्या गाडीत नको. पन्नास किलोच्या वरचं वजन, आत पातळ ॲसिड, घाटात कलंडलं तर बाहेर येणार. आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. बंद गाडीत, डोक्याखाली? दुसरी बॅटरी ठेवायचीच तर यूपीएसला असते तशी सीलबंद एसएमएफ घ्या, नाहीतर लिथियम आयर्न फॉस्फेट.

मंदार_लेस्टर
इकडे इंग्लंडमध्ये कॅम्पसाइटवर बऱ्याच जागांशेजारी निळ्या सॉकेटचा खांब असतो. गाडीपासून केबल टाकायची की २३० व्होल्ट मिळाले. आणि कॅम्परला दोन बॅटऱ्या असतातच, इंजिनाची वेगळी आणि राहण्याची वेगळी. मध्ये एक रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच असतो. इंजिन सुरू झालं, व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की दोन्ही जोडतो, बंद झालं की सोडवतो. नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) मधूनच व्होल्टेज खाली आणतो, तिथे रिले फसतो, म्हणून दुसरी बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर लावतात. मागच्या उन्हाळ्यात आम्ही स्कॉटलंडला गेलो होतो, फोटो वेगळ्या धाग्यात टाकतो.

कायद्याचं_बोला
मागची सीट काढलीत ती आरसीवर नोंदवली का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ बनावटीत बदल करता येत नाही असं स्पष्ट सांगितलंय.

सह्यसखा
इथे बॅटरीची चर्चा चालू आहे. आरटीओसाठी नवा धागा काढा. ताई, सोलरचं काय ठरलं?

घाटवाट
सोलर-सोलर काय करताय? तिचा डबा दिवसरात्र चालला तर १०० एएच पिणार, तुमचं पॅनेल ३० देणार, तेही ऊन असेल तर. वेळणेश्वरला गाडी माडांच्या सावलीत लावणार की उन्हात? मी तर रात्री दर दोन तासांनी उठून पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवतो. कधी अडकलो नाही.

प्राजक्ता_सिस्टर
घाटवाट, असा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. झोपलेल्या माणसांच्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतून जागाच होत नाही. मी रुग्णालयात काम करते, हे मनापासून सांगते.

वायरमन_सांगली
शंभर टक्के. शिवाय पंधरा मिनिटांत परत काय मिळतं? २० अँपिअरने भरली असं धरलं तरी ५ एएच. डबा तासाभरात ते खाऊन टाकेल.

प्राजक्ता_सिस्टर
ताई, एक विचारू? चार दिवसांच्या सहलीत फ्रिज रात्रभर चालूच हवा, असं त्यात काय आहे? दूध-भाजी असेल तर सरळ बंद करा की.

केतकी_नाशिक
आईचं इन्सुलिन. रोज दोन वेळा घेते. म्हणून तर डबा घेतला. तो बंद करा असं कोणी सुचवू नये म्हणून लिहिलं नव्हतं.

प्राजक्ता_सिस्टर
बरं झालं सांगितलंत, नाहीतर चर्चा बॅटरीवरच संपली असती. डब्याच्या आतलं तापमान कधी मोजलंय का? शिल्लक ठेवलेलं, न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवं. हे डबे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५-२० अंशच खाली जातात. गाडीत ३५ अंश असतील तर आत १५ ते २०. एक साधा थर्मामीटर ठेवून बघा.

सध्या वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन (टोचून घ्यायचं) किंवा बाटली बहुतेक प्रकारांत २५-३० अंशांखाली साधारण चार आठवडे बाहेर चालते. तुमच्या प्रकाराचं नेमकं काय, ते खोक्यातल्या कागदावर असतं, आणि डॉक्टरांना फोन कराच. चार दिवसांना चालू पेन आणि एखादं जादा, एवढंच लागेल.

केतकी_नाशिक
वायरमन काका, आमच्या इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटर आणला. डब्याच्या एका वायरभोवती लावला तर शून्य दाखवतो. डबा चालू आहे, पंखा फिरतोय. म्हणजे करंट ओढतच नाही का?

वायरमन_सांगली
तो घरच्या लाइनचा, एसीचा क्लॅम्प असणार. साध्या क्लॅम्पला बॅटरीचा डीसी करंट दिसत नाही. मल्टिमीटर घ्या, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, डब्याची पॉझिटिव्ह वायर सोडवून मीटर मध्ये सिरीजमध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका. आणि नंतर लाल वायर व्होल्टच्या भोकात परत घालायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी बॅटरीचे व्होल्ट बघायला जाल आणि सरळ शॉर्ट कराल.

केतकी_नाशिक
४.६ अँपिअर. पाऊण तास बघितलं, ४.६ वरून हलला नाही.

आणि प्राजक्ताताई, दुपारी अंगणात गाडी ठेवून डब्यात थर्मामीटर टाकला. तीन तासांनी १७ अंश. चार महिने आईचं औषध मी यात नेत होते. फार वाईट वाटतंय. जादाची पेनं आजच डॉक्टरांना दाखवते.

फ्यूज नव्हता. वायर जिथे पत्र्यातून आत येते तिथे तिचं आवरण घासलंय.

वायरमन_सांगली
ती वायर आजच काढा. पत्र्याला टेकली की बॅटरीचा सगळा करंट तिथून जाईल आणि आग लागेल, बॅटरी बसण्यापेक्षा हे कितीतरी गंभीर आहे. नवी जाड वायर, भोकात रबरी ग्रॉमेट (वायर घासू नये म्हणून लावायची कडी), आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज.

मध्ये एक लो-व्होल्टेज कट-ऑफ बसवा. १२.२ व्होल्टला सेट करा. बॅटरी साधारण निम्मी उतरली की तो मागचं सगळं तोडेल, सेल्फपुरतं शिल्लक राहील. पूर्ण भरलेली, तासभर शांत ठेवलेली बॅटरी १२.६-१२.७ दाखवते, १२.० च्या खाली गेली तर समजा धोक्यात आहे. पट्ट्या आणि पंखा मिळून रात्रीत १०-१२ एएच होतील, ते चालून जाईल. डबा मात्र फक्त गाडी धावताना.

दापोलीकर
इन्सुलिनचं कोकणापुरतं सांगतो. मासळीची बंदरं आहेत तिथे बर्फ मिळतो. मासेवाल्यांचा जाड थर्मोकोलचा डबा घ्या, झाकणाला चिकटपट्टी लावा, रात्रभर बर्फ टिकतो. मात्र औषध बर्फाला टेकू देऊ नका. माझ्या वडिलांचं एकदा गोठून वाया गेलं होतं. स्टीलच्या डब्यात, डबा टॉवेलात, आणि बर्फाच्या वर, खाली नाही.

मातीच्या मडक्याची युक्ती देशावर छान चालते, ओल्या वाळूत छोटं मडकं ठेवायचं. आमच्याकडे हवेतच पाणी असतं, बाष्प उडत नाही, म्हणून गारवा कमी. चालू पेनाला मात्र तेवढा पुरेल.

आणि वेळणेश्वरला घरगुती राहण्याची सोय भरपूर आहे. अंगणात गाडी लावू द्या म्हणावं, फ्रिजमध्ये औषधाचा डबा ठेवा म्हणावं. म्हाताऱ्या माणसाचं औषध म्हटल्यावर कोणी नाही म्हणणार नाही.

सह्यसखा
पुढे कधी खर्च करायचा झाला तर छोटा कॉम्प्रेसर फ्रिज घ्या. चालू असताना ४०-५० वॅट घेतो, पण थांबून थांबून चालतो. दिवसाला ३० एएचच्या आसपास. त्याला वेगळी लिथियम बॅटरी आणि माझं १०० वॅटचं पॅनेल, बरोबर जुळतं.

वायरमन_सांगली
हे पटलं.

गिरिजा_पुणे
धागा वाचून विचारते, भंडारदऱ्याला काजवे बघायला मे अखेरीस गाडीत राहता येतं का? गर्दी फार असते म्हणतात.

घाटवाट
येतं. पण हेडलाइट आणि टॉर्च बंद ठेवा. उजेडात काजवे दिसत नाहीत आणि त्यांनाही त्रास होतो. गेल्या वर्षी लोक गाड्यांचे दिवे झाडांवर मारत होते, बघवत नव्हतं. इंजिन चालू ठेवून झोपायचं मी बंद केलंय, प्राजक्ताताई.

केतकी_नाशिक
वेळणेश्वरहून लिहितेय. तिसरी सकाळ. सहा वाजता मीटर लावला, १२.४. पहिल्या सेल्फला सुरू झाली. काल पहाटे कट-ऑफने पट्ट्या आणि पंखा बंद केले, आधी घाबरले, मग लक्षात आलं की दरवाज्याचा दिवा चालू राहिला होता. तो थेट बॅटरीवर आहे. आता तिथला बल्ब काढून ठेवलाय.

औषध ज्यांच्या अंगणात आहोत त्या आजींच्या फ्रिजमध्ये, दरवाज्याच्या कप्प्यात. डॉक्टरांनी जुनी पेनं टाकून द्यायला सांगितली, नवीन आणली. आई आत्ता समुद्रावर गेलीय, चालू पेन तिच्याजवळ ओल्या रुमालात.

डिझेलप्रेमी
छान. कट-ऑफ कुठून घेतला आणि किती अँपिअरचा? बोलेरोत आता मलाही बसवायचाय.

केतकी_नाशिक
नाशिकला भद्रकालीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून, २० अँपिअरचा. फोटो घरी गेल्यावर टाकते.