आई-बाप वेगळे झाल्यावर मुलाच्या भेटीचा वार कुणाच्या सोयीनं ठरवायचा?

अंबडकर: कंपनी अंबडला, साप्ताहिक सुट्टी शनिवारी. मुलीला भेटायचा कोर्टाचा आदेश पहिल्या आणि तिसऱ्या रविवारचा. सही मीच केली, समुपदेशकांनी दोनदा विचारलंही होतं, "जमेल ना?" आता एकतर रजा टाकतो, नाहीतर भेट बुडते. माझं म्हणणं, आधी मुलाचा आठवडा मांडा: शाळा, क्लास, झोप, बापाची कामाची पाळी. वार त्यानंतर. लॉ कमिशननं 2015 च्या 257व्या अहवालात संयुक्त ताबा आणि पालकत्वाचा आराखडा सुचवलाय, पण कायदा झाला नाही.

गोदाकाठची: आराखडा कागदावर छानच दिसतो हो. वार पक्का नसला की फोनवर "हा नको, पुढचा". पहिला-तिसरा रविवार कॅलेंडरवर खूण करून ठेवता येतो. लेक बूट घालून दारात बसते आणि बाप उगवत नाही, तेव्हा आदेश स्पष्ट असलेलाच बरा. निदान अर्ज तरी करता येतो.

काळाकोट: ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नाही, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. अंबडकर, पाळीचा कागद जोडून शनिवार दुपार मागा. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याचं कलम 17 मुलाचं हित बघायला सांगतं. समज आलेल्या मुलाची पसंतीही विचारात घेता येते. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल आईकडे, पण तेही "सर्वसाधारणपणे". आणि समुपदेशकांचं मत म्हणजे निकाल नव्हे.

सिन्नरफाटा: पसंती कसली विचारताय? मूल ज्याच्या घरी राहतं त्याचीच भाषा बोलतं. माझा भाचा नऊ वर्षांचा. न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये "पप्पा नको" म्हणाला, बाहेर आल्यावर पप्पांच्याच खांद्यावर! दोन तासांच्या भेटीत, तेही कोर्टाच्या आवारात, कुणाला काय कळणार?

गोदाकाठची: म्हणूनच सावकाश. आधी दोन तास, मग दिवसभर, रुळली की सुट्टीत मुक्काम.

अंबडकर: मान्य. पण दर पायरीला नवा अर्ज, नवी तारीख कशाला? पायऱ्या पहिल्याच आदेशात लिहा. आणि रोजचा फोनही. यशिता साहू प्रकरणात (2020) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं.

काळाकोट: वेळ घालून लिहून घ्या. नुसतं "रोज" लिहिलं की त्यावरूनच पुढचा अर्ज.

गोदाकाठची: रात्री आठ लिहा. साडेनऊला फोन आला की झोपलेली उठते, मग अकरापर्यंत मी जागी.