पुण्यातून आकाश बघायला कोणती नक्षत्रचकती घ्यावी?

गच्चीवरचा:
मी आणि दहा वर्षांची मुलगी, दोघंही या विषयात कोरी पाटी. सप्तर्षी आणि मृग सोडून काही ओळखता येत नाही. घर पुण्याच्या कडेला आहे, महिन्यातून एकदा गावी अंधारात जाणं होतं. दुर्बीण नाही. फिरती चकती (तारीख-वेळ जुळवली की खिडकीत त्या वेळचं आकाश दाखवणारी) घ्यावी, छापील नकाशे घ्यावेत, की मोबाइलवरचं ॲप पुरे? स्वस्तातल्या एका चकतीवर '४०–५० अंश उत्तर' असं लिहिलंय. चालेल का?

ध्रुवमत्स्य:
ती अजिबात घेऊ नका. चकतीची खिडकी एका ठरावीक अक्षांशाच्या क्षितिजाप्रमाणे कापलेली असते. पुणे १८.५ अंशावर. ५० अंशाच्या चकतीत दक्षिणेचं आकाश -४० क्रांतीपाशी संपतं (क्रांती म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर अंशांत, दक्षिणेला उणे), म्हणजे अगस्त्य आणि मित्र हे ठळक तारे आणि त्रिशंकू नक्षत्र तिच्यात नसतातच. इथून अगस्त्य जवळजवळ १९ अंश वर येतो, चांगला ठसठशीत दिसतो. वृश्चिकाची नांगी त्या चकतीत क्षितिजाला घासते, पुण्यात ती ३४ अंश उंच चढते. उत्तरेला उलटा घोळ: सप्तर्षी कधी मावळतच नाहीत असं ती चकती दाखवते. नोव्हेंबरच्या संध्याकाळी तुम्ही ते शोधत बसाल आणि ते असतील क्षितिजाखाली.

'२०–३० अंश उत्तर' लिहिलेली चकती घ्या. पाच-सहा अंशांच्या फरकाने बिघडत नाही, क्षितिजालगतचा थोडा भाग चुकतो इतकंच.

जुनी कुठे मिळाली तरी हरकत नाही. परांचन गतीने (पृथ्वीचा अक्ष संथपणे डुलतो त्यामुळे) तारे ७२ वर्षांत एक अंश सरकतात, नुसत्या डोळ्यांना त्याचा काय फरक पडणार!

त्रिशंकू_१८:
वरच्यात भर. चकती दोन बाजूंची आहे ना, ते बघूनच पैसे द्या. एकाच बाजूच्या चकतीत ध्रुव मध्यभागी असतो आणि आपल्या अक्षांशाला तिला -७० क्रांतीपर्यंत पसरावं लागतं. जितकं दक्षिणेला जाल तितकी आकृती आडवी ताणली जाते: वृश्चिकातल्या ज्येष्ठेपाशी सव्वादोन पट, त्रिशंकूपाशी पाच पट. त्या नकाशावरून त्रिशंकू आकाशात ओळखणं अशक्यच. दोन बाजूंच्या चकतीत उत्तरेकडे तोंड करून एक बाजू वापरायची, दक्षिणेकडे वळलं की दुसरी. दक्षिणेच्या बाजूचं केंद्र दक्षिण ध्रुव असतं, म्हणून आकार खरे राहतात.

नवशिक्यांना हमखास गोंधळात पाडणारी गोष्ट म्हणजे नकाशात पूर्व डावीकडे छापलेली असते. छपाईची चूक नाही ती. नकाशा डोक्यावर धरून वर बघायचं, दिशा आपोआप जुळतात. ते अवघड वाटलं तर ज्या दिशेला तोंड आहे ती कडा खाली येईल असा समोर धरा.

गच्चीवरचा:
तारीख आणि घड्याळातली वेळ जुळवली की झालं ना?

ध्रुवमत्स्य:
नाही, इथे एक वजाबाकी आहे. आपली घड्याळं ८२.५ पूर्व रेखांशावर चालतात, चकतीला स्थानिक वेळ लागते. दर अंशाला ४ मिनिटं. पुणे ७३.८५ वर, म्हणून ३५ मिनिटं वजा करा. मुंबईला ३९, नागपूरला १४.

ताळा करून बघा. १५ नोव्हेंबरला रात्री ९ वाजता चकतीवर ८.२५ लावा. महाश्वाचा (पेगासस) चौकोन जवळपास डोक्यावर, पूर्वेला कृत्तिका आणि त्याखाली रोहिणी, मृग नुकता उगवतोय. तुम्ही सरळ ९ लावलंत तर चकतीवर मृग आठ-नऊ अंश जास्त वर दिसेल, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा. पूर्वेला डोंगर किंवा इमारत असेल तर 'दिसत का नाही' म्हणून डोकं खाजवत बसाल.

आणखी एक: चकतीवर ग्रह नसतात. राशींच्या पट्ट्यात नकाशात नसलेला, न लुकलुकणारा ठळक ठिपका दिसला तर तो बहुधा ग्रहच.

काळोख_हवा:
नकाशात किती तारे आहेत हेही बघा. ताऱ्याची प्रत म्हणजे त्याची तेजस्विता, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. शहरातून मृगशीर्षाचे (मृगाच्या डोक्याचे, मधल्या ओळीतले नव्हे) तीन बारके तारे सुटे दिसत नसतील तर चौथ्या प्रतीपर्यंतचं आकाशही तुमच्या हाती नाही. अशा ठिकाणी सहाव्या प्रतीपर्यंतचा नकाशा उघडलात तर ठिपक्यांच्या गर्दीत नक्षत्रच हरवतं. सुरुवातीला चौथ्या प्रतीपर्यंतचा पुरे. सातव्या-साडेसातव्या प्रतीचा जाडजूड अ‍ॅटलस हातात दुर्बीण आल्यावरच घ्या.

विजेरीला लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर लावा. डोळे अंधाराला सरावायला २०–३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती क्षणात वाया जातात. पण विकत घेण्याआधी नकाशा त्याच लाल उजेडात तपासा: लाल किंवा केशरी शाईतल्या रेषा आणि नावं चक्क गायब होतात. चकचकीत लॅमिनेशनवर विजेरीची तिरीप उलटून डोळ्यात येते, त्यापेक्षा मॅट बरं.

त्रिशंकू_१८:
ॲपबद्दल कुणी बोललं नाही. स्टेलॅरियम संगणकावर फुकट आहे. ते घरी बसून, ग्रह कुठे आहेत ते आधी पाहून घ्यायला वापरा. गच्चीवर फोन रोखून तारे ओळखू नका, निदान पहिले दोन-तीन महिने. फोनमधलं होकायंत्र लोखंडी टाकी, मोटार, चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर यांच्या जवळ सरळ २०–३० अंश चुकू शकतं, आणि आपण भलत्याच ताऱ्याला रोहिणी म्हणून मोकळे होतो. उत्तर दिशा ध्रुवावरूनच ठरवा: पुण्यातून तो क्षितिजाच्या वर, दोन मुठींपेक्षा थोड्या कमी उंचीवर सापडतो.

गच्चीवरचा:
म्हणजे २०–३० अंशांची, दोन बाजूंची, मॅट. आणि लाल कागद. मुलीला पहिल्या रात्री काय दाखवू?

काळोख_हवा:
महाश्वाचा चौकोन. त्याच्या ईशान्येकडच्या कोपऱ्यापासून देवयानीची (अँड्रोमेडा) ओळ निघते, तिच्या उत्तरेला शर्मिष्ठेचा (कॅसिओपिया) इंग्रजी एमसारखा आकार. चकतीवरचं इंच आणि आकाशातली मूठ यांचं प्रमाण एकदा डोळ्यांत बसलं की पुढचं ती स्वतः शोधेल. पौर्णिमेच्या आसपासचे चार-पाच दिवस मात्र टाळा.